राजकीय भाषणाचे तात्पर्य आणि त्याची प्रमाणे : एक आढावा

राजकीय भाषणातील मध्यवर्ती विचार कोणता आणि वक्त्याने त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेली प्रमाणे कोणती, हा प्रश्न वरवर पाहता शाळेतील प्रश्नपत्रिकेत शोभण्याजोगा वाटतो. परंतु याच प्रश्नाच्या उत्तरावर या देशात माणसांना कारावास घडलेला आहे, जामीन-मुचलके मागितले गेले आहेत व रद्दही झाले आहेत, आणि ज्या भाषणांना आपण राष्ट्राच्या घडणीचे दस्तऐवज मानतो त्यांच्या अर्थाविषयी आजही अभ्यासकांत एकवाक्यता नाही. निबंधकार आपले प्रमेय प्रारंभी मांडून ते क्रमाने सिद्ध करीत जाऊ शकतो, आणि वाचकालाही मागचे पान पुन्हा उलटून पाहण्याची सवड असते. वक्त्यापुढे मात्र अनुयायी, विरोधक, तटस्थ आणि पुष्कळदा सरकारी बातमीदार असे भिन्न भिन्न हेतूंनी आलेले श्रोते एकाच वेळी बसलेले असतात. त्यामुळे आभार, प्रत्युत्तर, दिलासा, इशारा आणि आवाहन ही सारी अंगे एकाच भाषणात येतात, आणि त्यांपैकी मुख्य कोणते व आनुषंगिक कोणते हे वक्ता क्वचितच स्वमुखाने सांगतो. प्रमाणांचीही तीच स्थिती आहे: इतिहासातला दाखला, आकडेवारी, थोरांचे वचन, ही सर्व प्रमाणाच्या वेषात येतात खरी, पण त्यांतील काही प्रतिज्ञेला खरोखर आधार देतात, तर काही केवळ श्रोत्यांचे मन अनुकूल करून घेण्यासाठी योजलेली असतात. ही निवड कोणत्या कसोटीने करावी याविषयी आजवर जो विचार झाला त्याचा, आणि तो आज कोठे येऊन थांबला आहे याचा, आढावा येथे घ्यावयाचा आहे.

प्राचीन साधने

आपल्याकडे तात्पर्यनिर्णयाचा सर्वांत पद्धतशीर विचार मीमांसकांनी केला. अर्थात तो सभेतील भाषणांसाठी नव्हे, तर वेदवाक्यांसाठी. ग्रंथाचा आरंभ व शेवट यांत काय सांगितले आहे, मध्ये पुन्हा पुन्हा कशाचा उच्चार होतो, इतरत्र न आढळणारे असे नवीन काय आहे, कोणते फळ सांगितले आहे, स्तुती वा निंदा कशाची केली आहे आणि युक्तिवाद कशाच्या बाजूने लढविला आहे, या सहा खुणा त्यांनी ठरवून दिल्या. उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही त्यांची शास्त्रीय नावे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात हीच कसोटी पुढे ठेवली, आणि सांप्रदायिक टीकाकारांनी आपापल्या मताला सोयीची वचने प्रधान मानून उरलेली गौण ठरविली, हा आपला आक्षेप तिच्या बळावर मांडला. नैयायिकांनी या विचाराला दुसरी जोड दिली. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पाच अवयवांत कोणताही युक्तिवाद मांडता येतो, असे त्यांचे म्हणणे असल्यामुळे नुसते उदाहरण सापडले म्हणून हेतू सापडला असे होत नाही, ही सावधगिरी त्यांच्या पद्धतीतच अंतर्भूत आहे.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात भाषणाची अनेक अंगे मानणाऱ्या शिक्षकांना बाजूला सारून, भाषणाला आवश्यक अशी अंगे दोनच, एक म्हणणे मांडणे आणि दुसरे ते सिद्ध करणे, असा निर्वाळा दिला. त्याचबरोबर, वक्ता पुष्कळदा युक्तिवादातील एखादा दुवा न बोलताच सोडतो आणि श्रोता तो आपल्या मनातून भरून काढतो, हेही त्याने ओळखले होते.

या दोन परंपरांतील एक भेद पुढच्या सर्व वादाच्या मुळाशी आहे. मीमांसकांच्या दृष्टीने वेद अपौरुषेय. तेव्हा वक्त्याच्या मनात काय होते हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, आणि तात्पर्य शोधावयाचे ते शब्दांतूनच. ॲरिस्टॉटलचा वक्ता मात्र विशिष्ट सभेपुढे, विशिष्ट निर्णय घडवून आणण्यासाठी उभा असतो, आणि त्याची प्रमाणे त्या सभेला पटण्यासाठीच निवडलेली असतात. तात्पर्य वचनात असते, वक्त्याच्या हेतूत असते की श्रोत्यांवर होणाऱ्या परिणामात असते, या तीन पक्षांचे बीज येथेच पडलेले दिसते.

न्यायालयांतील कसोटी

महाराष्ट्रात हे तिन्ही पक्ष प्रथम परस्परांसमोर उभे राहिले ते कोर्टात. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यास शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला, आणि त्यातील व्याख्यानांचा वृत्तांत टिळकांच्या ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात छापून आला. अफझलखानाच्या वधात शिवाजीमहाराजांना दोष लागतो काय, याची चर्चा त्या व्याख्यानांत होती. पुढे आठवडाभरातच रँड व आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि टिळकांवर राजद्रोहाची फिर्याद झाली. एका पक्षाच्या मते प्रतिपाद्य विषय होता तो सतराव्या शतकातील एका घटनेचा न्याय. दुसऱ्या पक्षाच्या मते इतिहास हा केवळ दाखला, आणि ज्यासाठी तो दिला ती प्रतिज्ञा अनुक्त असली तरी स्पष्ट होती. न्या. स्ट्रेची यांनी सरकारविषयी अप्रीती याचा अर्थ प्रीतीचा अभाव इथपर्यंत विस्तृत केला, आणि नऊ ज्यूररांपैकी सहा युरोपियनांनी दोषी तर तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोषी असे मत दिले. तोच मजकूर, तेच पुरावे, आणि तात्पर्य मात्र दोन. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१९१६ चा खटला आपल्या विषयाला अधिक जवळचा, कारण तो लेखांवर नसून केवळ भाषणांवर होता. त्या वर्षी १ मे रोजी बेळगावास आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास टिळकांनी स्वराज्याच्या मागणीवर व्याख्याने दिली. २३ जुलैला, म्हणजे त्यांच्या साठाव्या वाढदिवशीच, त्यांना नोटीस बजावण्यात आली, आणि पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन देण्याचा हुकूम केला. ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध होऊन त्या वेळी एकच वर्ष लोटले होते. ज्याने गीतेच्या तात्पर्याचा निर्णय करण्याची रीत मराठी वाचकांना समजावून दिली, त्याच्याच शब्दांचे तात्पर्य ठरविण्याचे काम आता न्यायासनाकडे आले.

त्या भाषणांची रचना पाहिली म्हणजे हे काम किती बिकट होते ते कळते. टिळकांनी सरकार या कल्पनेचे दोन भाग पाडले: एक अदृश्य, बादशहाच्या नावाने चालणारी मूळ सत्ता, आणि दुसरी दृश्य, म्हणजे प्रत्यक्ष कारभार हाकणारी नोकरशाही, आणि हा भेद समजावून देण्यासाठी निर्गुण-सगुण ब्रह्माच्या वेदान्ती परिभाषेचा आश्रय घेतला. देव बदलावयाचा नसून मधला पुजारी बदलावयाचा आहे, हा दृष्टान्तही त्यांनी योजला. अहमदनगरास त्यांनी परकेपणाची व्याख्या केली ती वर्ण किंवा धर्म यांवरून नव्हे, तर हितसंबंधांवरून. जो या देशाच्या हिताचे करील तो मुसलमान असो वा इंग्रज, परका नव्हे. मीमांसकांच्या खुणा लावल्या तर आरंभ, शेवट व पुनरुक्ती या तिन्हींत स्वराज्याची मागणी आढळते. नोकरशाहीवरील कठोर शब्द हे त्या मागणीच्या उपपत्तीत बसतात. परंतु तेच शब्द वेगळे काढून वाचले असता सरकारविषयी तिटकारा उत्पन्न करणे हाच हेतू होता असे म्हणण्यास जागा मिळते, आणि फिर्यादी पक्षाने ती घेतली. बॅ. जिना टिळकांच्या वतीने उभे राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई हायकोर्टाच्या न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचले पाहिजे, एखाददुसऱ्या वाक्याला अवाजवी वजन देऊ नये, आणि एकूण परिणाम काय होतो ते पाहावे, हे या निर्णयाचे सार.

माझ्या मते भाषणाच्या अर्थनिर्णयाच्या इतिहासात या निर्णयाचे महत्त्व जेवढे मानले जाते त्याहून पुष्कळच अधिक आहे. तथापि त्याने प्रश्न मिटला असे मात्र नाही. समग्र वाचावे हा दंडक मान्य केला तरी समग्र वाचनानंतर कोणते विधान शिरोभागी बसवावे हे तो दंडक सांगत नाही. आणि परिणाम पाहावयाचा तर कोणत्या श्रोत्यावरचा, हेही तो सांगत नाही.

विद्यापीठांतील वाद

विसाव्या शतकात हा प्रश्न अमेरिकेतील वक्तृत्वाभ्यासकांनी शास्त्रीय पातळीवर नेला. १९२५ साली हर्बर्ट विचेल्न्स यांनी एका निबंधात असे प्रतिपादन केले की, भाषणाची समीक्षा साहित्यकृतीच्या समीक्षेहून भिन्न आहे. साहित्यात चिरंतन सौंदर्य शोधावयाचे, तर भाषणात विशिष्ट श्रोत्यांवरचा परिणाम. यावर चाळीस वर्षे एक संप्रदाय चालला, आणि १९६५ मध्ये एडविन ब्लॅक यांनी त्यावर हल्ला चढविला. ही पद्धत वक्त्याच्या उद्दिष्टाला प्रश्न न करता केवळ साधनांचे मोजमाप करते, असे त्यांच्या आक्षेपाचे स्वरूप होते.

या वादाला धार आली ती १९७२ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांच्या ३ नोव्हेंबर १९६९ च्या व्हिएतनामविषयक भाषणावरून. फोर्ब्स हिल यांनी असे मांडले की, निक्सन ज्या मूक बहुसंख्याकांना उद्देशून बोलत होते त्यांच्यापुरती प्रमाणांची निवड कुशल होती की नाही एवढेच समीक्षकाने सांगावे. ती प्रमाणे सत्य होती की नाही हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा. कार्लिन कोर्स कॅम्पबेल यांनी याच्या नेमके उलट भूमिका घेतली: जो समीक्षक पुराव्याच्या खरेपणाविषयी मौन पाळतो तो नकळत वक्त्याचाच साहाय्यक बनतो. दोन्ही बाजूंना आपापले बळ आहे. हिल यांच्या पक्षाला कार्यक्षेत्राची स्पष्ट मर्यादा सांगता येते आणि समीक्षकाच्या राजकीय मतांचा शिरकाव रोखता येतो; कॅम्पबेल यांच्या पक्षाला नागरिकाच्या गरजेचे भान आहे, कारण नागरिकाला भाषण कुशल होते की नाही यापेक्षा ते विश्वसनीय होते की नाही हे जाणून घ्यावयाचे असते.

दरम्यान इंग्लंडात स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली तर्कशास्त्राच्या बाजूने एक उपयुक्त भेद दाखवून दिला होता. दावा आणि त्याच्या पुष्टीसाठी दिलेली माहिती यांच्यामध्ये एक तिसरा घटक असतो: ही माहिती या दाव्याला का लागू पडते हे सांगणारे तत्त्व. बहुतेक वक्ते ते उच्चारीत नाहीत. ॲरिस्टॉटलचा न बोललेला दुवा तो हाच, आणि नैयायिकांच्या उदाहरणात जी व्याप्ती सांगावी लागते तिच्याशीही त्याचे नाते जवळचे आहे.

एका भाषणावरील प्रयोग

या सर्व साधनांची परीक्षा घेण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणाइतके योग्य उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. ते भाषण सर्वांना माहीत आहे, अधिकृत कामकाजात नोंदलेले आहे, आणि तरीही त्याचा मध्यवर्ती विचार कोणता यावर निदान चार उत्तरे प्रचलित आहेत.

भाषणाचा आरंभ हिशेबाने होतो. सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली, कामास २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस लागले, मसुदा समिती १४१ दिवस बसली, अखेरच्या मसुद्यात ३९५ कलमे व ८ परिशिष्टे आहेत, आलेल्या सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मग अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या घटना किती काळात झाल्या याची तुलना येते. विलंबाच्या आरोपाला हे उत्तर. त्यानंतर बेनेगल नरसिंह राव, मुखर्जी व इतर सहकारी यांचे ऋणनिर्देश, साम्यवादी व समाजवादी टीकाकारांना प्रत्युत्तर, आणि केंद्राला फार अधिकार दिले या आक्षेपाचे खंडन. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल, हे बहुउद्धृत विधान याच भागातले आहे. येथे भाषण संपविता आले असते असे वक्ता स्वतःच सांगतो, परंतु देशाच्या भवितव्याच्या विचाराने मन भरून आले आहे म्हणून पुढे बोलतो. आणि जे भाषण लोकांच्या स्मरणात राहिले ते या वळणानंतरचेच.

उत्तरार्धात दोन शंका आहेत. भारत आपले स्वातंत्र्य टिकवील की पुन्हा गमावील? आणि लोकशाही टिकवील की पुन्हा गमावील? पहिल्या शंकेला दाहिराच्या सेनानींनी महंमद बिन कासिमकडून लाच घेतल्याचा, जयचंदाने घोरीला बोलाविल्याचा, शिवाजीमहाराज लढत असता इतर मराठे सरदार व राजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढल्याचा, आणि इंग्रज-शीख युद्धात व १८५७ मध्ये काही जण स्वस्थ बसून राहिल्याचा दाखला आहे. दुसरीला बौद्ध भिक्षुसंघांचा: ठराव, गणपूर्ती, मतदान यांचे नियम ज्यांना माहीत होते त्यांच्या देशातून ती पद्धती लोपली. मग तीन गोष्टी सांगितल्या आहेत: घटनाबाह्य मार्ग सोडणे, मोठ्या पुरुषाच्या पायी आपले स्वातंत्र्य न वाहणे, आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड देणे. दुसरीच्या समर्थनार्थ मिल व ओकॉनेल यांचा आधार आहे. तिसरीच्या ओघात २६ जानेवारी १९५० पासून सुरू होणाऱ्या अंतर्विरोधाचा, म्हणजे राजकारणात समता व समाजात विषमता यांचा, इशारा येतो. आणि बंधुतेच्या चर्चेत जाती राष्ट्रविरोधी आहेत हे मत.

घटनापंडितांपैकी अनेकांना हे मुख्यतः संविधानाचे समर्थन वाटते, आणि आकडेवारी, तुलना व खंडन ही प्रमाणे संख्येने अधिक असल्यामुळे या मताला आधार नाही असे म्हणता येत नाही. लोकशाहीच्या संस्थांविषयी चिंता बाळगणारे व्यक्तिपूजेवरचा इशारा केंद्रस्थानी मानतात. आंबेडकरी चळवळीत व सामाजिक समतेच्या विचारकांत अंतर्विरोधाचे विधान हेच तात्पर्य समजले जाते. अपूर्वता व फल या दोन खुणा त्यांच्या बाजूला आहेत, कारण विषमता दूर न झाल्यास हा सारा डोलारा उद्ध्वस्त होईल असे फलही वक्त्याने तेथेच सांगितले आहे. चौथा पक्ष बंधुता व राष्ट्र यांवर भर देतो, आणि स्वातंत्र्य गमावल्याचे सर्व ऐतिहासिक दाखले आपल्या पक्षात ओढतो.

मला स्वतःला असे वाटते की, प्रत्येक प्रमाण कोणत्या विधानाच्या सेवेस लावले आहे असे एकेक करून विचारले तर उत्तरार्धातील जवळजवळ सर्व प्रमाणे एकाच प्रश्नाकडे वळतात: जे एकदा मिळाले व गमावले ते या वेळी टिकेल काय. व्यक्तिपूजा, घटनाबाह्य मार्ग, विषमता, जाती, ही त्याच प्रश्नाची कारणे होत. शेवटी लोकांकडून चालणाऱ्या शासनापेक्षा लोकांसाठी चालणारे शासन लोकांना प्रिय वाटू लागेल ही भीती येते, तीही याच प्रश्नाचा उपसंहार आहे. पूर्वार्ध मात्र या सूत्रात पूर्णपणे बसत नाही, आणि तो बसविण्याचा हट्ट धरू नये असे मला वाटते.

प्रमाणांच्या खरेपणाचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. जयचंदाने घोरीला निमंत्रण दिल्याची कथा समकालीन साधनांपेक्षा उत्तरकालीन काव्यपरंपरेवर अधिक आधारलेली आहे. भिक्षुसंघाचे नियम विनयग्रंथांत आहेत हे खरे. परंतु त्यांवरून तत्कालीन राजकीय संस्थांविषयी किती अनुमान करावे याबद्दल मतभेद आहेत, आणि काशीप्रसाद जायस्वालांच्या ‘हिंदू पॉलिटी’पासून हा वाद चालत आला आहे. हिल यांचा अनुयायी म्हणेल की १९४९ च्या सभेला हे दाखले परिचित व मान्य होते, तेव्हा प्रमाण म्हणून ते पुरे. कॅम्पबेल यांचा अनुयायी विचारील की, एखादा दाखला निखळला तर प्रतिज्ञा उभी राहते काय? या भाषणापुरते उत्तर असे की राहते. कारण फुटीमुळे स्वातंत्र्य जाते हे तत्त्व वक्त्याने अनुक्त न ठेवता उघड मांडले आहे, आणि जाती व पंथ या जुन्या शत्रूंत परस्परविरोधी राजकीय पक्षांची भर पडणार आहे हे वर्तमानातील कारणही जोडले आहे. सर्वच भाषणांविषयी असे म्हणता येणार नाही.

जे अद्याप सुटलेले नाही

प्रत्येक भाषणाला मध्यवर्ती विचार एकच असला पाहिजे, हे गृहीतक मीमांसकांकडून आले आणि शाळांनी ते दृढ केले. परंतु ते सिद्ध झालेले नाही. वेदवाक्याची एकवाक्यता श्रद्धेने मानता येते. अनेक श्रोतृवर्गांपुढे अनेक कामे करणाऱ्या भाषणाची मानावी काय, हा प्रश्न उघडा आहे, आणि २५ नोव्हेंबरच्या भाषणातील पूर्वार्ध-उत्तरार्धाचा सांधा त्याची साक्ष देतो.

दुसरा प्रश्न ऐकणारा आणि वाचणारा यांच्यातील अंतराचा. समग्र वाचावे हा हायकोर्टाचा दंडक वाचकाला शक्य आहे. सभेत बसलेला श्रोता समग्र ऐकतो खरा, पण त्याच्या मनात उरते ते एखादे वाक्य. त्या वाक्याने घडविलेला परिणाम हा भाषणाचाच परिणाम मानावा की श्रोत्याच्या स्मरणाचा, यावर परिणामवादी व वचनवादी यांच्यात समेट झालेला नाही. तिसरा प्रश्न संहितेचा. १९१६ ची भाषणे आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः लघुलेखकांच्या टिपणांतून, आणि स्वर, विराम व हशा यांचा अर्थनिर्णयात वाटा किती हे अशा कागदावरून ठरविता येत नाही. न बोललेल्या दुव्याचा प्रश्न तर सर्वांत नाजूक आहे: तो भरून काढताना अभ्यासक वक्त्याचे मन वाचतो की आपलेच मत त्याच्या तोंडी घालतो, हे ओळखण्याची सर्वमान्य कसोटी अद्याप कोणी दिलेली नाही. १८९७ च्या ज्यूरीतील फूट याच ठिकाणी पडली होती.

संपादक, पाठ्यपुस्तक मंडळे आणि उतारे छापणारे सर्व जण यांना माझी एकच विनंती आहे. कोणत्याही भाषणातील वाक्य उद्धृत करताना ते ज्या प्रमाणाच्या आधाराने उच्चारले गेले ते प्रमाणही त्यासोबत छापावे. आंबेडकरांचे हे भाषण महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या तेराव्या खंडात संपूर्ण उपलब्ध आहे, आणि ते एका बैठकीत वाचून होण्याजोगे आहे.